बिननावाची तबकडी

शाळू पिवळा पडायला लागला की माझं डोकं फिरतं. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे. माघ लागला की सून ताट ठेवते आणि बाजूला होते. लोकांना सुगी म्हणजे हुरडा, लसणाची चटणी आणि गूळ. हल्ली शहरातली माणसं गाड्या घेऊन येतात, बांधावर सतरंजी टाकतात, कणसाशेजारी तोंड नेऊन फोटो काढतात आणि मला विचारतात, "काका, ही बाजरी का?" मी उत्तर देत नाही. ज्याला शाळू कळत नाही त्यानं हुरडा खाऊ नये असं माझं मत आहे, आणि ते मी बदलणार नाही.

माझी चौथीची परीक्षा झाली, निकाल बघायला मी गेलो नाही. तेवढ्या शिक्षणावर हे लिहितो आहे. शुद्धलेखन चुकलं तर वाचणाऱ्यानं आपल्या घरी बसून दुरुस्त करून घ्यावं.

मागच्या महिन्यात रेडिओच्या कचेरीतनं गावाच्या नावानं पत्र आलं, पोस्टमननं ते म्हातारं माणूस म्हणून मला आणून दिलं. त्यांच्याकडं एक जुनी तबकडी सापडली म्हणे. तबकडीवर आमच्या गावाचं नाव आहे, जात्यावरच्या ओव्या आहेत, पण बाईचं नाव नाही. नाव कळलं तर ते लिहून ठेवायचं आहे, नाही कळलं तर 'अज्ञात' म्हणून ठेवणार. मी पत्र फाडलं आणि चुलीत घातलं. मग दुसरं आलं. तेही घातलं.

अज्ञात. या शब्दाचा मला फार राग आहे. ओव्यांची जाडजाड पुस्तकं निघतात, तालुक्याच्या वाचनालयात मी बघितली आहेत. वर गोळा करणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात, आत प्रस्तावना लिहिणाऱ्याचं नाव त्याहून मोठ्या अक्षरात, आणि ओवी कुणाची, तर अज्ञात. ती काय आभाळातनं पडली? कुणाची तरी बायको होती, कुणाची तरी सून होती, पहाटे उठून दोन पायल्या दळत होती. गोळा करणारा तिच्या हातचा चहा पिऊन गेला असणार. नाव विचारायला त्याच्या जिभेला काय झालं होतं?

असं मी साठ वर्षं बोलत आलो. चावडीवर, पारावर, पाहुण्यांत. रेडिओवाल्यांनी आमच्या घरातल्या बाईचं नाव खाल्लं, असं सांगत आलो. ते खरं नाही. खरं काय ते आता लिहितो.

स्वातंत्र्य यायच्या आदल्या सुगीची गोष्ट. आमचं गाव औंधच्या अलीकडं. माळावर उभं राहिलं की यमाईचा डोंगर दिसतो. त्या वर्षी शाळू असा आला होता की वाटेनं चालणारा माणूस दिसत नव्हता, त्याचं मुंडासं तेवढं दिसायचं. आमच्याकडं शाळू कापत नाहीत, उपटतात. मुळासकट. पहिल्या दिवशी तळहाताला फोड येतात, दुसऱ्या दिवशी फुटतात, तिसऱ्या दिवशी हात आपला राहत नाही. रानात धुरळ्याचा आणि ओल्या मुळांचा वास. कणसांवर पाखरं. आणि घराघरातनं पहाटे नव्या शाळवाचं दळण. नवा दाणा जात्यात वेगळा वाजतो. ज्यानं ऐकलं त्यालाच ते कळेल.

माझी बायको जतकडची. तिकडं निम्मं बोलणं कानडी. लग्न होऊन आली तेव्हा तिचं नाव निंगव्वा होतं. माझी आई म्हणाली, "असलं नाव माझ्या उंबऱ्याच्या आत नको." ताटात तांदूळ पसरले, मी अंगठीनं नाव काढलं, पार्वती. त्या दिवसापासनं ती पार्वती. मी तिला कुठल्याच नावानं हाक मारली नाही, तो भाग वेगळा. आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. 'अगं' म्हटलं की काम होत होतं.

तिची ओवी पंचक्रोशीत ठाऊक होती. शाळेचे मास्तर पहाटे आमच्या घरामागनं फिरायला जायचे, ते मुद्दाम थांबायचे. त्यांनीच कुणाला तरी कळवलं. एके दिवशी उन्हं वर आल्यावर मुंबईच्या रेडिओची मोटार धुरळा उडवत दारात आली. आत एक बाई आणि एक मशीनवाला. बाईंच्या हातात वही, डोळ्याला चष्मा, पायात चपला. त्या स्वतः कविता करत होत्या, असं मास्तरांनी माझ्या कानात सांगितलं. जसं काही मी त्यामुळं त्यांना मुजरा करणार होतो.

मोटारीतल्या बॅटरीवर ते यंत्र चालत होतं. वायर ओढत ओढत त्यांनी सोप्यापर्यंत आणली आणि जात्यावर बसलेल्या माझ्या बायकोच्या तोंडापुढं एक लोखंडी डबी उभी केली. मोटारीत काळी तबकडी फिरायला लागली. सुई तिच्यावर खोबणी पाडत होती आणि खोबणीतनं केसासारखा काळा दोरा निघत होता. मशीनवाला तो मऊ कुंचल्यानं बाजूला सारत होता. मला वाटलं, गाणं म्हणजे तो दोराच असणार. नंतर कळलं, तो फेकून द्यायचा असतो.

सुरू व्हायच्या आधी मशीनवाला म्हणाला, "बाई, जातं थांबवा. नुसतं गाणं म्हणा. घरघर फार येते."

तिनं हात थांबवला. तोंड उघडलं. काही आलं नाही. पुन्हा उघडलं. घाम आला तिला.

"हात थांबला की तोंड थांबतं, दादा," ती म्हणाली.

"मग रिकामंच हळूहळू फिरवा."

"रिकामं जातं वढत न्हाईत. घरादाराला बरं नसतं."

मशीनवाल्यानं कपाळावर हात मारला. रेडिओच्या बाई नुसत्या बघत होत्या. मग तिनंच तोड काढली. एरवी जात्याच्या तोंडात मूठभर दाण्याची वैरण घालायची ती त्या दिवशी ओंजळीनं घालायला लागली. दाणा भरपूर असला की दगडाला दगड लागत नाही, जात्याचा घसा बसतो. घरघर खाली गेली, आवाज वर आला. मशीनवाल्यानं कानावरचं यंत्र दाबून धरलं आणि मान हलवली. त्या दिवशी पीठ भरड पडलं, भाकरी थापताना तुटत होती. आई दिवसभर कुरकुरली.

मग रेडिओच्या बाईंनी वही उघडली. "नाव काय तुमचं?"

तिनं पदर पुढं ओढला आणि माझ्याकडं बघितलं. मी दारात उभा होतो. बावीस वर्षांचा, अंगात पैरण, हातात चाबूक. मी पुढं झालो.

"नाव कशाला पायजे?"

"रेडिओवर सांगायला हवं ना. यांनी गायलं म्हणून."

"आज रेडिओवर सांगशीला, उद्या तमाशाच्या फळीवर लिवशीला. आमच्या घरातल्या बाईचं नाव मिळणार न्हाई."

"अहो, मानाचं असतं ते."

"आमचा मान आमी संबाळतो."

मास्तर मधे पडायला आले, मी त्यांच्याकडं असं बघितलं की ते मागं सरकले. रेडिओच्या बाईंनी पेन्सिल तशीच धरली होती. "मग काय लिहू?"

"लिवा, खेड्यातली एक बाई."

ते शब्द माझे. रेडिओचे नाहीत, पुस्तकवाल्यांचे नाहीत. माझे.

तिनं म्हणायला घेतलं. भावाच्या, लेकराच्या, शिवारातल्या ओव्या झाल्या. एक मला अजून येते:

जतच्या ग माळावरी, बाभळीची इरळ सावली
लेकीच्या ग वाटंवरी, उभी ऱ्हाती माझी मावली

तबकडीची एक बाजू भरली, मशीनवाल्यानं ती उलटली. दुसरी बाजू संपत आली तेव्हा त्यानं बोट वर केलं, म्हणजे आता शेवटची. तिनं ओंजळभर वैरण घातली, माझ्याकडं पाठ केली आणि म्हणाली:

सासरच्या नावाला ग, ओ देते दिसभर
निंगव्वा नाव माझं, जात्या तुझ्या कानावर

सुई उचलली गेली. रेडिओच्या बाई वहीत लिहीत म्हणाल्या, "किती सुंदर. ही निंगव्वा कोण, मैत्रीण का तुमची?"

"व्हय," ती म्हणाली. "माहेरची. लय जवळची."

तिनं हे हसून सांगितलं. मी दारात होतो, मला तिच्या खांद्यावरनं कळलं.

मोटार गेली. धुरळा खाली बसायच्या आत मी विचारलं, "कुणाला इचारून नाव घातलंस?"

"कुणाचं?"

"तुझं."

"माझं नाव पार्वती हाय की. तुमीच ठिवलंय."

ज्याला उत्तर नसतं तो माणूस एक तर हात उचलतो नाही तर बोलणं टाकतो. हात मी उचलला नाही, हे मी मोठ्या अभिमानानं पुढं पुष्कळ वर्षं मनात बाळगलं. बोलणं टाकलं. ती सगळी सुगी आम्ही दोघांनी मुक्यानं काढली. एका पातीला ती, शेजारच्या पातीला मी. ताटं उपटायचा करकर आवाज, पेंढी बांधायचा आवाज, आणि दोन माणसांच्या मधे काही नाही. तिला तहान लागली तर ती घागरीकडं जायची, मला लागली तर ती जाऊन यायची आणि तांब्या बांधावर ठेवायची. मी तो उशिरा उचलायचो. खुडणी झाली, खळं झालं, मळणीला बैल फिरले. मी बैलांशी बोलायचो. त्यांची नावं मोठमोठ्यानं घ्यायचो, सरदार, हिऱ्या, तिला ऐकू जावीत म्हणून. बैलाचं नाव घेताना माझी जीभ कधी अडली नाही. पंजोबाच्या काळापासनं आमच्या दावणीला कोणकोणते बैल होते ते मी आजही ओळीनं सांगेन. पंजीचं नाव मला येत नाही.

पुढं काय झालं ते लिहायला मला बरं वाटत नाही, पण सुरुवात केली आहे तर शेवटापर्यंत नेतो.

चावडीत सरकारनं दिलेला रेडिओ होता. लाकडी पेटीत, कुलपात. किल्ली मास्तरांकडं. संध्याकाळी गावकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा, तेव्हा भोंगा बाहेर काढायचे. कडबा रचून झाला त्या आठवड्यात मास्तर सांगत आले, आज आपल्या ओव्या लागणार. मी मुंडासं बांधलं. निघालो तेव्हा ती उंबऱ्यात आली. महिन्याभरात तिनं मला विचारलेली पहिली गोष्ट.

"आवं, चावडीच्या मागं उकिरड्याजवळ हुबी ऱ्हाऊ का? कुणाला दिसायची न्हाई. एवढं ऐकून येती."

मी म्हणालो, "बाया चावडीला जात न्हाईत."

ती आत गेली.

चावडीपुढं गडीमाणसं बसली होती. भोंग्यातनं आवाज आला, आता ऐकू या खेड्यातील एका भगिनीने गायिलेल्या ओव्या. मग जात्याची घरघर, आणि तिचा आवाज. चार भिंतींत ऐकलेला आवाज उघड्यावर ऐकला की माणूस दचकतो. गावाच्या वर, वडाच्या वर तो जात होता. कुणी बिडी ओढेना. माझ्या शेजारी शिवा न्हावी होता, तो म्हणाला, "गड्या, तुझ्या घराकडचा आवाज वाटतोय." मी भोंग्याकडं बघत राहिलो. छातीवर मात्र दोन बोटं मांस चढलं होतं, ते खोटं कशाला सांगू.

शेवटची ओवी आली. शिवा म्हणाला, "आरं, निंगव्वा कोण रं?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणालो, "आसंल कुणी कानडी."

घरी आलो. ती चुलीपुढं होती. मागं न वळता म्हणाली, "कसं व्हतं?"

"जात्याचाच आवाज लय," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी गावात इंजिनाची गिरणी आली. बायका घाबरायच्या, पीठ करपतं म्हणायच्या. आमच्या आळीतनं पहिलं दळण डोक्यावर घेऊन गेली ती हीच. जात्याचा लाकडी खुंटा तिनं काढला आणि चुलीत घातला. बायका म्हणायच्या, "वैनी, नुसती बसल्या बसल्या म्हणा की एखादी." ती म्हणायची, "हात थांबला की तोंड थांबतं." तिच्या चार लेकरांची लग्नं झाली, बारशी झाली, ओवी काही आली नाही. मी कधी 'म्हण' असं म्हटलं नाही. म्हणायचं होतं. पण मी आधी बोलणारा माणूस नाही, आणि ती आधी म्हणणारी बाई राहिली नव्हती. ती गेली त्याला सात वर्षं झाली. रेशनकार्डावर पार्वती, दवाखान्याच्या कागदावर पार्वती, तेराव्याच्या पत्रिकेवर पार्वती. जतच्या बाजूला तिला त्या दुसऱ्या नावानं ओळखणारं आता कुणी उरलेलं नाही. उरलोय तो मी.

म्हणून मी पत्रं जाळत होतो.

गेल्या मंगळवारी पत्रं पाठवणारी पोरगीच दारात येऊन उभी राहिली. रेडिओची. पंचविशीची असेल, अंगात पँट, पाठीला पिशवी. गावात विचारत विचारत आली, की स्वातंत्र्याआधी रेडिओची मोटार कुणाच्या दारात आली होती. म्हाताऱ्या माणसांनी बोट दाखवलं. म्हातारी माणसं दुसरं करतात काय.

"साठ वर्षं पेटीत घालून ठेवली," मी म्हणालो, "आणि आता आठवण झाली व्हय?"

"आजोबा, मी तेव्हा जन्मले नव्हते," ती म्हणाली.

उलट बोलणारी होती. मला जरा बरं वाटलं.

तिनं ओट्यावर बसून सांगितलं. त्यांच्याकडं अशा तबकड्यांचा ढीग आहे. गाणाऱ्या बायका, कविता वाचणाऱ्या बायका, गोष्टी सांगणाऱ्या. कुणावर नुसतं सौभाग्यवती आणि पुढं नवऱ्याचं नाव. कुणावर तेही नाही. तबकड्यांचा वरचा काळा थर पापुद्र्यासारखा सुटायला लागलाय. सुई एकदाच लावता येते, काहींना तेवढीही सोसत नाही, त्या तिथंच तुकडे होऊन बसतात. एकदा लावायची, तेवढ्यात उतरवून घ्यायचं, मग तबकडी गेली तरी चालते. "तुमची उतरली," ती म्हणाली. "अगदी शेवटच्या ओवीपर्यंत."

मी विचारलं, "लगीन झालंय का तुझं?"

"नाही."

"मंजी तुझं नाव अजून तुझ्याकडंच हाय."

ती हसली नाही. तिनं पिशवीतनं एक कागद काढला. जुन्या नोंदीची नक्कल. त्यावर गाव, विषय, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं तिनं वाचून दाखवलं: नाव सांगण्यास घरधन्याची हरकत. माझी सून तांदूळ निवडत बसली होती, तिचा हात थांबला. साठ वर्षं मी घरात जे सांगत आलो ते तिनं ऐकलेलं होतं. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं मान खाली घातली. तिनं बघत राहिलेलं मला परवडलं असतं.

"तो घरधनी मीच," मी म्हणालो. "म्होरं बोल."

"मग आता नाव सांगाल का? आणि ही शेवटच्या ओवीतली निंगव्वा कोण, तेही. आम्हाला वाटतं मैत्रीण असावी."

सून म्हणाली, "मामा, पार्वती लिवा की. आत्याबाईंचं कागदोपत्री तेच हाय."

तेच सोपं होतं. पार्वती, पुढं माझं नाव, पुढं आमचं आडनाव. रेडिओवर घराण्याचं नाव निघालं असतं, पोरांनी मिठाई वाटली असती. आणि निंगव्वा मैत्रीण म्हणून कायमची गेली असती, कुणी कानडी म्हणून. दुसऱ्यांदा. पोरगीनं घाई केली नाही. खळ्यावरनं मळणीच्या यंत्राचा आवाज येत होता. त्या यंत्राचाही मला राग आहे.

"निंगव्वा," मी म्हणालो.

लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या तोंडातनं ते नाव निघालं. माझ्याच कानाला ते परक्या बाईचं वाटलं.

"ती मैत्रीण?"

"मैत्रीण न्हाई. गाणारीच ती. तिचं नाव तिनं तुमच्या यंत्राला तवाच सांगितलंय. मी सोडून कुणाला कळलं न्हाई, आन् मी कुणाला सांगितलं न्हाई. लिही. निंगव्वा."

"आडनाव?"

"आडनाव लिवू नगंस. ते माझं हाय."

तिनं लिहिलं. मग म्हणाली, तुमच्या अक्षरात लिहिलेलं असलं तर बरं. मी चष्मा मागवला. जोडाक्षर दोनदा गिरवलं, पण वाचता येतंय. गाव म्हणून जतकडचं लिहिलं. सुनेनं चहा टाकला.

पोरगीनं पिशवीतनं एक छोटी पेटी काढली. "ऐकता ना आजोबा? तुमच्यासाठी आणलंय."

शेजारच्या बायका तोवर जमल्या होत्या. कुणी उंबऱ्यात, कुणी ओट्याच्या कडेला. सून म्हणाली, "बसा की मामा. आत्याबाईंचा आवाज हाय."

मी काठी घेतली. "चावडीला मी बसलो हुतो," मी म्हणालो. "तिला बसू दिलं न्हाई. आता तुमी बसा. मी गेल्यावर लावा."

मी पायऱ्या उतरलो आणि शिवाराकडं निघालो. ऐकायचं नाही, असं ठरवून निघालो, आणि मी ठरवतो ते करतो हे गावात कुणालाही विचारा. पण त्यांनी मी आळी ओलांडायच्या आतच लावलं. आधी घरघर आली, ओंजळभर वैरणीची, दबलेली. मग ती. मी मागं वळलो नाही. शक्य तेवढा भराभर चाललो. ब्याऐंशीव्या वर्षी माणूस भराभर म्हणजे किती चालणार. आवाजाच्या बाहेर जायला मला फार वेळ लागला.